दोन बोटं जास्त

ताईचा हात मोडल्याची बातमी सांगताना भावोजींचा आवाज जरा खुलला होता. माणूस वाईट नव्हता. पण "मी म्हटलं नव्हतं का?" असं म्हणायची संधी त्यांना संसारात क्वचितच मिळे, आणि आज ती आयती चालून आली होती.

"उभ्या गाडीवरून पडली," भावोजी फोनवर म्हणाले. "चालत्या नव्हे, उभ्या! पेट्रोल भरलं, पंपाच्या तोंडाशी उतारावर थांबली आणि आडवी. उजवं मनगट. मी म्हटलं नव्हतं का, ही गाडी बाईमाणसाची नाही?"

परीक्षकाची नजर दाराशी ठेवलेल्या आपल्या बुटांवर गेली होती.

परीक्षक हे काही त्याचं नाव नव्हे, पण लोक त्याला त्याच नावाने ओळखत. लांबच्या, खडबडीत वाटांसाठी केलेल्या थोराड मोटरसायकली तो चालवून बघे आणि कोणती गाडी कोणाला मानवेल ते व्हिडिओत सांगे. बोलायचा मोठा गोड. नवशिक्यालाही कळेल असं सांगायचा. लोक त्याच्या शब्दावर डोळे मिटून गाडी घेत.

उंचीने मात्र तो बेताचाच. तो आणि ताई बरोबर एका उंचीचे. लहानपणी वडील दोघांना पाठीला पाठ लावून उभं करत आणि डोक्यांवर लाकडी पट्टी ठेवत. पट्टी पाण्यासारखी सपाट राही. ताई वयाने मोठी, म्हणून तिला त्या बरोबरीचा राग यायचा, आणि रागाने ती त्याला "ठेंगण्या" म्हणायची. तेच नाव पुढे राहिलं. आपणही तेवढ्याच ठेंगण्या आहोत, याचा तिच्यावर काही परिणाम झाला नाही.

बुटांची गोष्ट अशी. धंद्याच्या सुरुवातीला परीक्षक एका कंपनीच्या आवारात उंच गाडीवर बसला होता. थांबला, पाय खाली सोडला, आणि पायाला जमीन काही सापडली नाही. गाडी सगळ्यांच्या देखत लवंडली. कंपनीचा माणूस गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "साहेब, तीनचाकी सायकली मागच्या दालनात आहेत." सगळे खो खो हसले. परीक्षकाचा सोबती, जो व्हिडिओ काढायचा आणि ज्याला उंचीमुळे सगळे खांब म्हणत, तो तर हसता हसता भिंतीला टेकला.

दुसऱ्याच दिवशी परीक्षक एका बूट शिवणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेला. म्हाताऱ्याने बाहेरचा तळ जाड केला आणि आत एक कातडी पाचर बसवली. दोन्ही मिळून दोन बोटं उंची वाढली. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, दणकट बूट आहेत झालं.

दोन बोटं म्हणजे फार नाही, असं कोणाला वाटेल. पण गाडीच्या बाबतीत दोन बोटं म्हणजे सगळं. काठोकाठ भरलेली बादली टेबलावर सरळ आहे तोवर लहान मूलही तिला एका हाताने धरून ठेवील. कडेवरून कलली की पैलवानालाही आवरत नाही. थोराड गाडीचंही तसंच. सरळ असते तोवर तिचं वजन जमीन पेलते. जराशी कलली तर पाय रोवून परत सरळ करता येते. पण पाय जमिनीवर पोचायला दोन बोटं कमी पडली, तर तेवढं अंतर भरून काढेपर्यंत गाडी इतकी झुकते की मग ती कोणाच्या बापाचं ऐकत नाही.

परीक्षकाला हे पक्कं ठाऊक होतं, हीच तर लाज.

वर्षापूर्वी त्याने तीन गाड्यांची तुलना केली होती. नावंही त्यानेच ठेवली. पहिली उंट. लांब पायांची, दगडधोंड्यांवरून झुलत जाणारी, पण चढायला शिडी हवी. दुसरी म्हैस. रुंद, बसकी, सरळ रस्त्यावर दिवसभर चालवा, कंबरेला कळणार नाही, मात्र चिखलात बसली की उठवायला गाव गोळा करा. तिसरी खेचर. ना फार उंच, ना फार जड, ना फार जोरकस. तिच्याबद्दल रंगवून सांगण्यासारखं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच ती बहुतेकांच्या कामाची होती. पण खेचराची तारीफ ऐकायला कोण थांबतो? परीक्षकाने उंटावर बैठक मारली आणि म्हणाला, "लोक म्हणतात, ही उंच माणसांची गाडी. आता मी बघा केवढा, आणि हे बघा माझे पाय!" खांबाने कॅमेरा खाली नेला. दोन्ही बूट जमिनीवर भक्कम टेकलेले.

तेवढे लोक त्याचा व्हिडिओ बघायला पूर्वी कधीच आले नव्हते. स्वर्ग दोन बोटं उरला.

ताईचा फोन आला. "ठेंगण्या, तुझे पाय टेकतात म्हणजे माझेही टेकणार. पट्टी आठवते ना?"

ताई शिवणकाम करायची. परीक्षकाच्या पँटीही तीच शिवायची. घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुकान होतं. शाळांचे गणवेश शिवता शिवता अर्धं आयुष्य गेलं, आणि एकदा तरी डोंगरापलीकडे स्वतःच्या गाडीवर जायचं, एवढी एकच हौस तिने जपली होती. बुटांचं खरं सांगण्याची वेळ तीच होती. परीक्षक म्हणाला काय, तर "खेचरही बघून ठेव हं."

"खेचर तू घे म्हातारपणी!" ताई हसली. तोही हसला. आणि तिने उंट घेतला.

*

रविवारी परीक्षक ताईकडे गेला. बूट दाराशी, भावोजींच्या चपलांशेजारी काढून आत आला. शिवणयंत्रावर कापड झाकलेलं होतं. टेबलावर कापलेल्या गणवेशांची चवड पडून होती, बाह्या एकीकडे, कॉलर एकीकडे. ताई प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून बसली होती.

"शाळा उघडायला आल्या आणि मी ही अशी," ती म्हणाली. "बस. चहा तुझे भावोजी करतील. हल्ली तेच करतात आणि प्रत्येक कपाबरोबर 'मी म्हटलं नव्हतं का' मोफत."

"ताई, दुखतंय का?"

"हाताचं काही नाही रे. मनाला लागलंय." तिने मान खाली घातली. ताई आणि मान खाली, हे दृश्य परीक्षकाने कधी बघितलं नव्हतं. "तुझे पाय टेकतात त्या गाडीवर. माझे पहिल्या दिवसापासून नीट टेकलेच नाहीत. कोणाला सांगणार? वाटलं, बसून बसून शिवणाऱ्या बाईचे पाय आखडले असतील. रोज सकाळी भिंतीला धरून ताणत होते. तुझ्या भावोजींना सांगितलं, कंबरेचा व्यायाम आहे." ती कसनुसं हसली. "झालं ते झालं. विकून टाकते. गाडीचा दोष नाही, माझाच आहे. आज एक जण बघायला येतोय. तू आहेस ते बरं, तुझ्यासमोर सौदा होईल."

परीक्षक खरं सांगायला गेला, पण भावोजींनी आणलेल्या चहाच्या घोटाबरोबर शब्द परत खाली गेले. तेवढ्यात बाहेर हाक आली.

गिऱ्हाईक म्हणजे एक गुटगुटीत, हसरा पशुवैद्य होता. अंगाने वाटोळा आणि उंचीने बरोबर ताईएवढा. परीक्षकाला बघताच त्याने दोन्ही हात पसरले.

"अहो, साक्षात तुम्ही! तुमच्यामुळेच तर आलो! तुमचा तो उंटाचा व्हिडिओ मी बायकोला इतक्यांदा दाखवलाय की आता तो लागला की ती स्वयंपाकघरात जाते."

"हा माझा धाकटा भाऊ," ताई अभिमानाने म्हणाली. एवढं सगळं होऊनही अभिमानाने.

"काय सांगता! मग शंकाच मिटली." पशुवैद्य जरा जवळ सरकला. "खरं सांगू का, दुकानात दोनतीनदा बसून बघितलं. माझे पाय काही टेकेनात. म्हटलं, आपलीच बसायची पद्धत चुकत असणार. तुमचे टेकतात आणि आपण तर एकाच मापाचे! जरा बसून दाखवता का? कुठे चुकतंय ते तरी कळेल."

"दाखव रे," ताई म्हणाली. "बूट घाल आणि दाखव त्यांना. मलाही बघू दे एकदा, मी काय चुकत होते ते."

परीक्षक दाराशी गेला. बूट तिथेच होते, तोंड उघडून वाट बघत. त्याने एक पाय आत घातला. पाय ओळखीच्या उंचीवर गेला. फक्त दुसरा घालायचा, अंगणात जायचं, बसायचं. गाडी विकली जाईल. ताईला पैसे मिळतील. आणि पाय आखडलेत, हे ती जन्मभर खरं मानून चालेल. आणि हा हसरा माणूस कुठल्या तरी उतारावर थांबेल.

त्याने पाय बाहेर ओढला. शेजारच्या भावोजींच्या चपला पायांत सरकवल्या आणि तो अंगणात गेला.

"अरे, त्या माझ्या!" भावोजी ओरडले.

परीक्षक उंटावर चढला. गाडी तिच्या तिरक्या टेकूवरून उचलून सरळ केली. डाव्या पायाचा अंगठा कसाबसा फरशीला लागला. उजवा पाय हवेत लोंबकळत राहिला आणि त्यातली चप्पल टपकन खाली पडली. अंगणाला नळाच्या बाजूला जरासा उतार होता. गाडीने तो बरोबर हेरला.

"धरा!" ताई किंचाळली.

पशुवैद्याने एका बाजूने खांदा लावला, भावोजींनी मागून पकडलं, आणि त्यांच्या हातातला चहाचा कप तेवढा फुटला. गाडी कशीबशी टेकूवर लागली.

"अहो, पण व्हिडिओत तर..." पशुवैद्य धापा टाकत म्हणाला.

परीक्षक उतरला. एका पायात चप्पल, दुसरा उघडा, तसाच दाराशी गेला आणि बूट घेऊन आला. बोटांनी आतली पाचर ओढून काढली. घामाने काळी पडली होती. ती त्याने ताईच्या हातात ठेवली आणि बूट उलटा करून बाहेरचा तळ दाखवला.

"व्हिडिओत हे होतं," तो म्हणाला.

ताईने पाचर डाव्या हातात फिरवून बघितली. मग तळाशेजारी धरली आणि त्यावर बोटं ठेवली. शिवणाऱ्या बाईची बोटं ती, त्यांना टेप लागत नाही.

"दोन बोटं," ती म्हणाली. "म्हणून पँट दोन बोटं जास्त ठेव म्हणालास. गाडीवर बसलं की वर चढते, म्हणालास."

"हो."

"दरवेळी."

"हो, ताई."

आता शिव्या येतील म्हणून परीक्षक अंग आक्रसून उभा राहिला. पण ताई भलतंच काही बोलली. ती हळूच म्हणाली, "म्हणजे माझे पाय आखडले नाहीत?"

"नाही गं."

"म्हणजे मी नीटच चालवत होते?"

आणि तिचा चेहरा उजळला. आठवडाभर मान खाली घालून बसलेली बाई ताठ झाली. परीक्षकाला ते बघवेना. एक थोबाडीत बसली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. शिव्या माणसाला सोसता येतात. आपल्या पापाच्या ओझ्यातून सुटलेल्या दुसऱ्याचा आनंद सोसत नाही.

"म्हणजे माझीही बसायची पद्धत..." पशुवैद्याने सुरुवात केली.

"बरोबर होती," परीक्षक म्हणाला. "तुम्ही खेचर बघा. आपल्या उंचीला तीच."

पशुवैद्याचं हसू मावळलं होतं. "बघतो," तो म्हणाला. "पण आधी दुसऱ्या कोणाला तरी विचारीन म्हणतो." ताईला नमस्कार केला, भावोजींना केला, आणि गेला.

भावोजींनी घसा साफ केला. "तरी मी म्हटलं नव्हतं का, की ही गाडी बाईमाणसाची..."

"बाईमाणसाची नाही आणि तुमच्या मेव्हण्याचीही नाही," ताई म्हणाली. "काचा गोळा करा."

मग ती भावाकडे वळली. राग आला तो आता, सावकाश. "पट्टीची आठवण काढली होती रे मी तुला. फोनवर. तेव्हा तुझी जीभ कुठे होती?"

उत्तर होतं ते सांगण्यासारखं नव्हतं: लोक हसतील म्हणून. परक्यांच्या हसण्याला तो इतका भ्यायला होता की सख्ख्या बहिणीचं मनगट त्यापुढे स्वस्त झालं.

"उद्या खांबाला बोलावतो," तो पुटपुटला. "व्हिडिओ करतो. पुन्हा उंटावर. चपलांत."

"चपलांत नको. लोक म्हणतील, नाटक करतोय. माझे साधे बूट घालून बस. आपलं माप एकच आहे." ती आत वळली. "आणि ती पँट काढ."

"काय?"

"पँट. दोन बोटं कमी करायची आहे. तुझ्या भावोजींचा पायजमा घाल तोवर. आणि माझा हात मोडलाय, तेव्हा ती तूच करणार आहेस. ती झाली की गणवेशांच्या बटणांना बस. मुलं शाळेत उघड्या छातीने जाणार नाहीत."

थोड्या वेळाने परीक्षक शिवणयंत्रासमोर बसला होता. भावोजींचा पायजमा त्याच्या पावलांखाली लोळत होता. ताई शेजारी स्टूल घेऊन, लहान मुलाला पहिली अक्षरं गिरवायला शिकवावं तशी सांगत होती: जुनी शिवण उसव, धागा ओढू नकोस, खडूने खूण कर, दुमड, आता टीप घाल, हळू. त्याने हळूच घातली. तरी ती सापासारखी गेली.

"झालं," तो म्हणाला.

ताईने डाव्या हाताने पँटचा पाय उजेडाकडे धरला. जवळून बघितलं, लांबून बघितलं.

"वाकडी आहे. एवढी कोणाला दिसते, म्हणशील. मला दिसते," ती म्हणाली. "उसव."

त्याने ब्लेड उचललं आणि एकेक टाका कापायला घेतला.