उरलेले प्रकार याचप्रमाणे

वैभवीची चार वर्षांची पीएच.डी. एका सहीवर अडली होती, आणि ती सही होती तिच्या गाईडच्या, पांढरीपांडे सरांच्या हातात. कुहीसारख्या लहान गावाहून आलेली पोर मान वर करणार नाही, या हिशेबाने सरांनी तिला घेतलं होतं. माणसांच्या बाबतीत सरांचे हिशेब असेच असायचे.

आपला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत नेतो तो कंपायलर. तो एकदम उडी मारत नाही. आधी एका मधल्या भाषेत उतरतो आणि काम लवकर व्हावं म्हणून तिथे काटछाट करतो. अर्थ बदलता कामा नये, एवढीच अट. सरांची काटछाट अशी की, पुढे लागेलसं वाटणारं गणित आधीच करून ठेवायचं. यात अर्थ बदलत नाही, हे प्रमेय त्यांनी बारा वर्षांपूर्वी मांडलं होतं. सिद्धतेत प्रोग्रॅमचे सात प्रकार तपासायचे होते; सरांनी दोन प्रकार सविस्तर केले, आणि मग एक ओळ : 'उरलेले प्रकार याचप्रमाणे.' एवढ्यावर विभागात सरांचा दरारा होता.

वैभवीचा प्रबंध याच प्रमेयावर उभा होता, म्हणून तिने उरलेले पाचही प्रकार करायला घेतले. चार झाले, पाचवा काही केल्या होईना. एखादं गणित कधीच न संपणारं असलं आणि पुढे ते कोणी मागितलंच नाही, तर मूळ प्रोग्रॅम खुशाल उत्तर देतो. सरांच्या काटछाटीतून निघालेला प्रोग्रॅम मात्र ते गणितच करत बसतो. तिने हे सरांना दाखवलं.

"ती ओळ तुझ्या प्रबंधात तशीच राहू दे," सर गोड आवाजात म्हणाले. "सही लगेच करतो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शुक्रवारी पीएच.डी.च्या समितीसमोर तिने बारा ओळींचा प्रोग्रॅम चालवला. काटछाट बंद ठेवली तेव्हा पाच हे उत्तर लगेच आलं. काटछाट चालू केली आणि पडदा कोराच राहिला. चहा आला, कप रिकामे झाले.

"मशीन जुनं आहे," सर म्हणाले. "थांबा, येईल."

"किती थांबायचं?" समितीतल्या मुग्धा मॅडमनी विचारलं.

"थांबूच नका," वैभवी म्हणाली. ती खाली बसली नाही. "उत्तर कधीच येत नाही. मी सिद्ध केलं आहे, एकही ओळ न गाळता."

"मग सही विसर!" सर ओरडले.

"मले पाहिजे होती ती सही, सर. चार वर्षं तिच्यासाठीच खपून राहिली मी. पण तुम्ही सही केली तरी ते प्रमेय खोटंच राहाते, अन् नाही केली तरी खोटंच."