पायपेटीचा रुसवा

घरात नवी सिंथेसायझर, ती विजेवरची पेटी, आली त्या दिवशी मी देवाला बोलले, “घरच्या मुलाच्या बँडच्या रेकॉर्डवर माझं नाव छापून येईपर्यंत मी तोंड उघडणार नाही.” मी पायपेटी बोलतेय. पायांनी भाता हलवायचा नि बोटांनी पट्ट्या दाबायच्या, अशी जुन्या वळणाची. नवस चांगला होता असं म्हणणार नाही, पण केला खरा.

मी या घरच्या आईंबरोबर माहेरहून आले. जिन्यावरून पडल्यापासून त्यांचा डावा पाय अधू आहे. उजवा पाय चार मोजेपर्यंत भाता दाबतो, डावा तिनातच दमतो. त्यांची सकाळची प्रार्थना वर्षानुवर्षं अशीच चालली, चार-तीन, चार-तीन. मुलगा रांगायचा तेव्हा माझ्या पायफळ्यांपाशी येऊन झोपी जायचा.

मोठा झाल्यावर त्यानं मित्रांना जमवून प्रोग्रेसिव्ह रॉकचा बँड काढला. गाणी इतकी लांब, की एक संपेपर्यंत आईंची भाजी चिरून, शिजून, झाकून व्हायची. त्यातलं अठरा मिनिटांचं, सात मात्रांचं गाणं लोकांना फार आवडलं. कुणी विचारलं, “हे सुचलं कुठून?” की मुलगा बड्या बड्या बँडची नावं घ्यायचा. आणि मी कोपऱ्यात जळायची. चार नि तीन सात, एवढं साधं गणित त्याला येऊ नये?

त्यात ही सिंथेसायझर. मी तिला नुसतं ‘ती’ म्हणते. ना भाता, ना धाप. बोट लागलं की बासरी, बोट लागलं की व्हायोलिन. तिच्यावर मखमलीचं कापड, आणि माझ्या डोक्यावर तिचाच रिकामा खोका.

मग रेकॉर्डिंगचा दिवस आला. पुढच्या खोलीत भिंतींना गाद्या टेकवल्या, खिडक्या लावल्या. माईक संध्याकाळी परत द्यायचे होते आणि दुपार झाली तरी गाणं काही जमेना.

“ताल बरोबर आहे, पण कवायत चाललीय असं वाटतं,” ड्रमवाला म्हणाला. त्याला सगळे खडखड्या म्हणतात.

आई चहा घेऊन आल्या. “अरे, चालीत जरा लंगडेपणा हवा. थांबा, दाखवते.”

“काकू, तुम्हाला रॉक येतं?”

“तुला तरी कुठं येतंय? सकाळपासून ऐकतेय.”

त्यांनी खोका उतरवला आणि बसल्या. पट्ट्या दाबल्या. मी सूर दिला नाही.

“रुसली वाटतं,” त्या म्हणाल्या, पण पाय थांबवले नाहीत. फळ्यांची करकर, भात्याचा श्वास. चार-तीन, चार-तीन. खडखड्याच्या काठ्या आपोआप उचलल्या गेल्या. मुलगा वाजवायचं विसरून माझ्या पायफळ्यांकडे बघतच राहिला.

“हेच ते,” तो म्हणाला. “आई, मी हे कितीदा ऐकलंय गं. थांबू नकोस. माईक खाली घ्या.”

पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. दहाव्या मिनिटाला आईंचा डावा पाय थरथरू लागला. फळीतून मला ते कळत होतं. त्या ओठ दाबून मोजत होत्या, आणि मी आपली माझ्या नावासाठी गप्प. मला माझीच लाज वाटली. पायाला टेकायला एक सूर हवा होता त्यांना, दुसरं काय? पुढच्या वेळी त्यांचं बोट पट्टीवर पडलं आणि मी तो दिला. जुना, धुळीतला, थोडा फाटका. शेजारून, मुलाच्या बोटांखाली, तिनंही तोच सूर धरला, अगदी हळू, मला झाकून न टाकता. आईंचे पाय शेवटपर्यंत चालले.

रेकॉर्डच्या कव्हरवर आता छापलंय, ‘ताल: आईचे पाय’. माझं नाव नाहीच. अजून कधीतरी बोचतं, खोटं कशाला बोलू? पण खोका गेला, मुलगा रोज माझी धूळ पुसतो, आणि तिच्याशेजारी माझी जागा आहे.

तो नवस मी मोडला, देव रागावला नाही. आता नवा केलाय: जिचा हेवा वाटेल, तिच्या सुरात रोज एकदा आपला सूर मिळवायचा. तुमच्या मनातही कुणी ‘ती’ असेल. आजच्या दिवस एवढं करून बघा ना.