सईसावर पहिला संशय

डाव्या हाताच्या कडेवर उजव्या हाताची दोन बोटं स्वार करून पांडुरंगने भुवया उडवल्या. म्हणजे, घोड्याचं काय झालं?

वाल्मिकने मागावरची नजर न काढता एक पाय आखडून दाखवला. घोडा लंगडतोय.

पांडुरंगचा चेहरा असा उतरला, जसा काही तो घोडा त्याच्याच दारात बांधलेला होता.

इंदूरच्या त्या मिलच्या साळखात्यात दोनशे माग एकदम खडखडायचे. तिथे कानाचा उपयोग बिडी अडकवण्यापुरताच. माणसं ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलायची. याच बोलीत वाल्मिकने पांडुरंगला आजवर सहा कादंबऱ्या सांगितल्या होत्या. सगळ्या रहस्यकथा आणि सगळ्या घोड्यांच्या शर्यतीतल्या. जुन्या इंदुरात चारुलताबाईंचं वाचनालय होतं, तिथे अशा आठ-दहा कादंबऱ्या मराठीत आणलेल्या होत्या. एकीचंही वेष्टन धड नव्हतं. रेसकोर्स दोघांनीही जन्मात पाहिला नव्हता. पण वाल्मिकचा आजा महूला रिसाल्यात सईस होता, घोड्यांची निगा राखायचा. लोक खुनासाठी वाचत, वाल्मिक तबेल्यासाठी वाचायचा. खरारा, ओलं गवत, नडगीला हात लावून ताप ओळखणं, हे सगळं आलं की त्याला आजाच्या मांडीवर बसल्यासारखं वाटे.

आधी तो पुस्तक एकदा पुरतं वाचून काढी आणि मग पंधरा दिवस पुरवून पुरवून सांगे. पांडुरंग तेलवाला. लांब चोचीची कुप्पी घेऊन मागांना तेल घालत फिरायचा. दर फेरीला वाल्मिकपाशी थांबून एक तुकडा घेऊन जायचा. आणि दर गोष्टीत त्याचा पहिला संशय सईसावर.

“तू भिया, हर बार सईसालाच का धरतो?” एकदा कँटीनमध्ये वाल्मिक चिडलाच.

“गरीब आहे ना तो. घोड्याजवळ पण तोच असतो.”

“आणि मालक?”

“मालक आपल्याच घोड्याचा पाय कशाला मोडेल यार? पागल आहे का?”

वाल्मिक गालात हसला. मोडतो. घोडा हरण्यात फायदा असला की मालकच मोडतो. पण शेवट आधी सांगायचा नाही, हा त्याचा नियम होता.

ते साल एक्क्याण्णव. आजूबाजूच्या मिलांचे भोंगे एकेक करून गप्प होत होते. यांच्या मिलमध्ये आठ नव्या मागांच्या मोटारी ‘रिपेअर’ला म्हणून काढून ठेवल्या होत्या. त्या दिवशी गोष्ट ऐन रंगात आली होती. लंगड्या घोड्याच्या ठाणाशी सईसाची बादली सापडली होती. पांडुरंग इतका गुंगला, की दोनचा भोंगा झाला तेव्हा कुप्पी वाल्मिकच्या मागापाशीच विसरून घरी गेला. वाल्मिकने ती आपल्या स्टुलाखाली सारली आणि तो हात धुवायला मागच्या नळावर गेला. तिथे फाटकाशी ट्रक उभा होता. पाळी बदलण्याच्या गडबडीत आठही मोटारी त्यात चढत होत्या आणि शेजारी खुद्द मॅनेजरसाहेब उभे होते.

दुसऱ्या दिवशी बोभाटा झाला, मोटारी चोरीला गेल्या. मागच्या फाटकाशी पांडुरंगची कुप्पी सापडली.

वाल्मिकला क्षणात सगळं उलगडलं. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. मिल चालवायचीच नसेल तर मोटारी हव्यात कशाला? आणि स्टुलाखालची कुप्पी काही आपल्या पायांनी फाटकापर्यंत चालत गेली नव्हती. पुस्तकात हा क्षण आला की त्याच्या अंगावर शहारा यायचा. आज त्याने वाकून रिकाम्या स्टुलाखाली पुन्हा पाहिलं.

पांडुरंग सस्पेंड झाला. चौकशीच्या आदल्या दिवशी त्याची बायको सखुबाई घरी आली. ती उंबऱ्यातच उभी राहिली.

“भावजी, हे म्हणतात कुप्पी तुमच्याजवळ होती.”

“होती, वहिनी.”

“मग बस, इतकंच बोलून द्या. जास्ती काही नको. ह्यांची नौकरी बचेल.”

“बोलतो ना. मी आहे तिथे.”

ते तो मनापासून बोलला होता. पण सकाळी मॅनेजरसाहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. वीस वर्षांत पहिल्यांदा. चहासुद्धा आला. “वाल्मिकजी, मिल थोडे दिवस बंद ठेवावी लागेल. पण परत चालू करू, तेव्हा पहिली नावं भरोशाच्या माणसांची.” बस, एवढंच. कुप्पीचं नावही काढलं नाही.

कादंबरीत असा गोड बोलणारा माणूस आला, की वाल्मिक तिसऱ्याच प्रकरणात त्याला ओळखायचा. आणि या माणसाने कोपराला गूळ लावला, तर तो चाटायला निघाला. त्याने स्वतःची समजूत घातली. मिल टिकली तर पांडुरंगलाही परत घेतील. आपण मागाहून शब्द टाकू.

चौकशीत पांडुरंग टेबलापुढे उभा होता. त्याचे कान तेव्हाच अर्धे गेले होते. साहेब काय विचारतात, तिकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो बघत होता वाल्मिकच्या हातांकडे.

वाल्मिकने हात पाठीमागे बांधले.

“कुप्पी तुमच्या मागापाशी होती का?”

“ध्यानात नाही, साहेब.”

चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. पांडुरंगला कामावरून काढलं. त्याच संध्याकाळी वाल्मिकने पुस्तक वाचनालयात परत केलं. “मग, कोण निघाला खुनी?” चारुलताबाईंनी हसत विचारलं. तो चपला घालून बाहेर पडला. त्यानंतर त्या कपाटाकडे तो फिरकलाच नाही. चार महिन्यांनी मिलला टाळं लागलं. पहिली नावं, शेवटची नावं, सगळी एकाच फाटकाबाहेर उभी राहिली. टाळं पुन्हा निघालं नाही.

सहा वर्षं गेली. वाल्मिक सुदामा नगरात एका इमारतीच्या दारावर पहारा करायचा. तिथल्या नळाच्या तोट्या आणायला म्हणून तो सियागंजच्या बाजारात गेला होता. लोखंडाच्या दुकानापुढे एक हमाल खिळ्यांची पोती हातगाडीवर रचत होता. तो वळला. पांडुरंग होता.

वाल्मिकला वाटलं, पळावं. पण मागे टेम्पो आडवा आला होता.

पांडुरंगने हातातलं पोतं खाली ठेवलं. डाव्या हाताच्या कडेवर उजवी दोन बोटं स्वार केली आणि भुवया उडवल्या.

वाल्मिकचे डोळे भरून आले. म्हणजे शिवी नाही, थुंकणं नाही, सहा वर्षं या माणसाला त्या घोड्याची काळजी लागून राहिली होती! भर बाजारात त्याने हात उचलले. “हटो भिया, हटो,” म्हणत गाड्या अंगावरून जात होत्या आणि हा हातांनी सांगत होता. कोटाची बटणं, जाड सिगार. मालक. मालकानेच पाय मोडला.

पांडुरंगने कपाळावर हात मारला. तोंडभर हसला. अगदी पहिल्यासारखा. मग त्याने बादली उचलल्याची खूण केली. आणि तो सईस? त्याचं काय झालं?

वाल्मिकचे हात थांबले. हे पान त्याने चौकशीच्या आधीच वाचलेलं होतं. त्याला खोटं सांगता आलं असतं. एकदा सांगितलंच होतं की. पण शेजारच्या दुकानातल्या साखळ्यांकडे बघत त्याने सावकाश खुणा केल्या. दुसरा एक सईस होता. सगळ्यांसमोर तो उठला. म्हणाला, बादली रात्रभर माझ्याजवळ होती. पहिला सुटला.

पांडुरंग त्या हातांकडे बघत होता. त्याचं हसू हळूहळू विझलं. मग बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, सगळ्या सियागंजाला ऐकू जाईल असं तो बोलला,

“किताब आहे ना भिया. किताबमध्ये उठतात लोक.”

त्याने पोतं गाडीवर टाकलं, दांडा धरला आणि गाडी ओढत तो चालू लागला. मागून लोक ओरडत होते, त्याला ऐकू येत नव्हतं. वाल्मिक दोन्ही हात तसेच छातीपाशी धरून रस्त्यात उभा होता.