न उमटणारी अक्षरे

मित्रांनो, तुम्ही मला पाहिले असेल असे वाटत नाही. मला रंग नाही, चित्र नाही. कॉम्प्युटरमध्ये एक काळी खिडकी उघडून तिच्यात हुकूम टाइप करावा, तेव्हा कुठे मी कामाला लागतो. मी फायलींना कुलूप लावणारा एक जुना प्रोग्राम आहे. मी कुलूप लावले की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी त्याला आतले अक्षर वाचता येत नाही.

मला घडवणारा माणूस अबोल होता. त्याने मला दोनच वाक्ये शिकवली, 'पासवर्ड द्या' आणि 'पासवर्ड चुकीचा आहे'. शिवाय एक शिस्त लावली. पासवर्ड टाइप होत असताना पडद्यावर काही उमटू द्यायचे नाही, ठिपकासुद्धा नाही. या शिस्तीचे फार कौतुक झाले.

या घरात मला लेकीने आणले. ती समुपदेशक. लोक तिला आपली दुःखे सांगत आणि ती त्यांच्या नोंदी माझ्याकडे ठेवी. "याच्या पोटात गेलं की गेलं," असे ती वडिलांना सांगे आणि मी फुशारून जाई. मग वडिलांनी मोठ्या हौसेने तिचे लग्न जमवले. ती गेली आणि कॉम्प्युटर धूळ खात पडला. वडील शिलाई मशीन दुरुस्त करायचे. त्या खोलीत ते फक्त केर काढायला येत. एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला काही झाली नाही.

एका दुपारी ती नवऱ्याबरोबर आली. तो बाहेर गप्पा मारत असताना तिने घाईघाईने एक फाइल लिहिली. कुलूप लावताना मजकूर मला दिसतोच.

'बाबा, तो माझा फोन रोज तपासतो. बाहेर पडायचं तर परवानगी लागते. मी परत आले तर चालेल का? चालणार असेल तर फोनवर एवढंच म्हणा, मशीन दुरुस्त झालंय. म्हणाला नाहीत, तर पुन्हा विचारणार नाही.'

हे तोंडाने सांगायचा तिला धीर झाला नसावा. निघताना नवरा गाडी काढायला गेला, तेवढ्यात ती म्हणाली, "बाबा, कॉम्प्युटरवर तुमच्यासाठी एक फाइल आहे. हुकूम लिहून ठेवलाय, नुसतं एंटर दाबा. पासवर्ड आपल्या मांजरीचं नाव, इंग्रजीत. फोनवर यातलं काही बोलू नका."

अक्षरे दिसणार नाहीत, हे सांगायचे मात्र राहून गेले. तिच्या ते इतके अंगवळणी पडले होते.

वडिलांनी एका बोटाने मांजरीचे नाव टाइप केले. पडद्यावर काही नाही. "कळ बसत नाही वाटतं," म्हणत त्यांनी जोर देऊन तेच नाव पुन्हा दाबले आणि मग एंटर. माझ्या हाती आले जोडून दोनदा लिहिलेले नाव. मला म्हणावेच लागले, पासवर्ड चुकीचा आहे. मित्रांनो, त्यांचे एकही अक्षर चुकले नव्हते. माझा जीव तीळतीळ तुटत होता.

त्यांनी कीबोर्ड उलटा करून ब्रशने झाडला आणि पुन्हा तेच केले. शेवटी लेकीला फोन लावला. "बरी आहेस ना?" फाइलचे ओठांवर आलेले त्यांनी गिळले. "इकडं सगळं ठीक आहे," म्हणून फोन ठेवला. तिने त्याचा काय अर्थ घेतला असेल, हे त्या घरात फक्त मला माहीत होते.

नंतर ते अधूनमधून येत, हरत आणि उठून जात. एकदा मात्र त्यांनी दुसरीच खिडकी उघडून त्याच कळा दाबल्या. तिथे अक्षरे उमटली. "म्हणजे बिघाड नाहीच," ते म्हणाले. "याची रीतच अशी दिसते." मग त्यांनी माझ्याकडे येऊन नाव एकदाच टाइप केले.

कुलूप उघडले. त्यांनी आतला मजकूर पुन्हा पुन्हा वाचला, चष्मा पुसला आणि फोन लावला.

"मशीन दुरुस्त झालंय."



"कधी?" तिने विचारले.

"कधीचंच झालं होतं गं. मलाच उशिरा कळलं."

ती एका पिशवीनिशी घरी आली. ती फाइल तिने पुसून टाकली. आता तिचे काम नव्या कॉम्प्युटरवर चालते आणि बापलेकीत लपवण्यासारखे काही उरलेले नाही. मला कोणी बोलावत नाही. शेजारच्या खोलीतले त्यांचे बोलणे ऐकतो. बरे वाटते आणि एकटेही वाटते.

मित्रांनो, कुलूप जरूर लावा. पण ज्याच्यासाठी लावाल, त्याच्या शेजारी बसून एकदा त्याच्याच हातून ते उघडून घ्या. तो बाहेर धडपडत असताना आतून मला काहीच सांगता येत नाही.