राजपालच्या झाडावरच्या मुंग्या

निर्णा गावातल्या आमच्या विहारामागे सीताफळाची एकेचाळीस झाडं आहेत. घरातलं माणूस गेलं की पुण्यानुमोदनाच्या दिवशी तिथं एक रोप लावायचं, ही आमच्या वस्तीची रीत. झाडाला त्या माणसाचंच नाव पडतं. "आवंदा बाबूमामा लई लागलाय," असं बायका सहज बोलतात. टोकाचं झाड राजपालचं. चांगुणाबाईचा तो एकुलता एक मुलगा, सहा वर्षांपूर्वी गेला.

तापामुळे मी तीन आठवडे घरातच होतो. बरा होऊन विहारामागे गेलो आणि जागीच थांबलो. राजपालच्या झाडावर कुणी पिंजलेला कापूस फेकला आहे असं वाटलं. फांद्या, फळं, सगळं पांढरं. पानं चिकट, काळपट. मी एका फळाला बोट लावलं तर तो कापूस हलला. मी हात झटकला. शेजारची सहा-सात झाडंही तशीच होती.

दुपारी विहारात बैठक बसली. समितीचे अध्यक्ष रामराव म्हणाले, "रविवारपर्यंत बघू. न्हाई तर सगळी तोडायची आन् जाळायची. शेजारी जगदेवप्पाची पपई हाय, तो आत्ताच शिव्या द्यायलाय."

चांगुणाबाई मागे बसली होती. म्हणाली, "एकदा जाळलंय मी त्येला. पुन्हा न्हाई."

मला बैठकीत बोलायला कधीच जमलेलं नाही. घरी येऊन मी पुतणीला, पंचशीलाला, फोन केला. ती कलबुर्गीला शेतीचं शिकते. गुरुवारी सकाळी ती भिंग घेऊन आली, राजपालच्या झाडाशी बसली आणि भिंग माझ्या हातात दिलं.

"काका, बुंध्यावर बघा."

एक मुंगी वर चालली होती. तिच्या तोंडात एक बारीक पांढरा किडा होता, जिवंत. तिच्यामागे दुसरी, तिसरी. रांगच होती.

"ह्यो पिठ्या ढेकूण," पंचशीला म्हणाली. "आपल्याकडचा न्हाई, परदेशातून आलाय. त्याच्या अंगातून गोड चिकटा निघतो, तो मुंग्यांना लागतो. म्हणून त्या त्याला झाडावर नेऊन सोडायल्यात, त्याला खाणारे किडे हाकलायल्यात. पण इथं एवढ्या मुंग्या कामून? कुणी साखर घालायलंय का?"

बुंध्याभोवती साखर आणि पिठाचं कडं होतं, त्या दिवशी सकाळीच घातलेलं.

ते कोण घालतं हे मला माहीत होतं. कुणाच्या सांगण्यावरून, हेही.

राजपाल गेला तेव्हा मी गावच्या वाचनालयात कामाला होतो. चांगुणाबाईला वाचता येत नाही. तिनं विचारलं होतं, "दादा, झाडाला कीड लागू नये म्हणून काय करावं?" एका पुस्तकात मी वाचलं होतं की दूर कुठल्या तरी देशात कीड खाण्यासाठी बागेत मुंग्या पाळतात. त्या मुंग्या वेगळ्या, ती झाडं वेगळी. मी जन्मात कुठलंही वाक्य ठामपणे बोललो नाही. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून तेवढं एक बोललो: "मुंग्या झाडाची राखण करतात."

मी तसाच तिच्या दारात गेलो. ती तूर निवडत होती. अडखळत सगळं सांगितलं.

"ठावं हाय मला," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"मुंग्या त्येला तोंडात धरून वर न्यायल्यात. म्हैना झाला, रोज बघायलेय."

"मग साखर कामून घालत राहिलात?"

तिनं माझ्याकडे नवलानं पाहिलं. "तुमीच सांगितलं होतं की. पुस्तकात बघून. म्हणलं, मलाच नीट दिसंना झालंय."

माझं बोलणं कुणी मनावर घेत नाही, असं मी सत्तर वर्षं धरून चाललो होतो. आणि या बाईनं माझ्या एका वाक्यासाठी स्वतःचे डोळे खोटे ठरवले होते.

"मला विचारायचं तरी."

"आले होते की दोनदा. तुमी खिडकीत वाचत बसलावतां. म्हणलं, तापातून उठलेल्या माणसाला कशाला तरास."

पंचशीलाच्या सांगण्यावरून शुक्रवारी सगळी वस्ती कामाला लागली. जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटल्या, मुंग्यांना वाट राहू नये म्हणून. प्रत्येक बुंध्याला प्लास्टिकची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस फासलं. रामरावांनी झाडं तोडणं महिनाभर पुढं ढकललं. राजपालचं झाड मात्र गुडघाभर ठेवून कापावं लागलं. पहिली फांदी चांगुणाबाईनंच करवतीनं कापली. फांद्या मात्र जाळल्या नाहीत, खड्ड्यात पुरल्या.

मग तिनं विचारलं. पंचशीला शेजारी होती, तरी मलाच विचारलं. "दादा, फुटंल का वो ह्यो?"

"मला माहीत नाही, बाई," मी म्हणालो. "रोज बघावं लागेल."

भिंग मी तिच्या हातात ठेवलं. ती खोडाशी उकिडवी बसली, एक डोळा मिटला. भिंग खोडावरून हळूहळू फिरवलं.

"हं," ती म्हणाली. "आता मी सांगते. तुमी ऐका."