पुसून टाकलेली खूण

यास्माला देवाने सगळं दिलं होतं, आणि जे द्यायचं राहिलं होतं ते रिंदालाच्या आईने द्यायला घेतलं होतं. पालक भरलेल्या फताएर पावांचा डबा ती लेकीसाठी म्हणून टेनिस क्लबवर आणायची आणि उघडायची मात्र यास्मासमोर.

"खा गं पोरी. त्या कॅनडात काय उपाशी ठेवतात का तुला?"

"ओडेट मावशी, तुमच्या हातचं खाल्लं की परत जाऊच नये असं वाटतं."

यास्माची अरबी तिच्या आजीकडून आलेली, म्हणजे साठ वर्षांपूर्वीची, गावाकडची. एकोणीस वर्षांची पोर म्हातारीसारखी बोलायला लागली की अख्खा क्लब तिच्यावरून जीव ओवाळून टाकायचा. रिंदालाच्या नाकाला मात्र मिरच्या झोंबायच्या. परत जाऊ नये म्हणे. जा की, तुला अडवलंय कुणी?

अकरा वर्षं लेबनॉनसाठी पहिली एकेरी रिंदाला खेळत आली होती. संघ तो केवढा, तीन-चार पोरी आणि एक कप्तान, देशांच्या स्पर्धेत पार तळाच्या गटातला. तरी छातीवर झेंड्यातला देवदार मिरवत कोर्टवर उतरलं की आपण कुणीतरी आहोत असं तिला वाटायचं. यंदा यास्मा आली आणि रँकिंगच्या जोरावर ती जागा घेऊन बसली. दुसरी एकेरी मिर्नाला. चौतीस वर्षांच्या रिंदालाच्या वाट्याला दुहेरी, तीही यास्माच्याच जोडीने.

वर यास्माला लाल माती शिकवण्याचं कामही तिच्याच गळ्यात. "ही जन्मभर सिमेंटवर खेळलीय," कप्तान मदाम नुहाद म्हणाल्या होत्या. "तिकडे चेंडू आत की बाहेर हे यंत्र सांगतं. आपल्या मातीच्या रीती हिला शिकव. सगळ्या."

रिंदालाने तिला घसरत चेंडू गाठायला शिकवलं, कारण ते सगळ्यांना दिसणार होतं. खेळ संपल्यावर जाळं ओढून माती सारखी करायला शिकवलं. नव्या-जुन्या खुणांची गल्लत होऊ नये म्हणून चेंडूची खूण बुटाने पुसून टाकायची, हेही शिकवलं. पण चेंडू रेषेजवळ पडला असेल तर पंचाचा निकाल येईपर्यंत खुणेला पाय लावायचा नसतो, खूण पुसली की आपण तक्रार सोडली असं धरतात, हे सांगायचं तिने ठेवून दिलं. उद्या सांगू म्हणाली. विसरली नव्हती ती. रोज आठवायचं, आणि रोज ती गप्प बसायची.

वरच्या गटात जायचं तर सायप्रसला हरवायला हवं होतं. सामना घरच्या कोर्टवर, बैरूतच्या वर डोंगरात. मिर्नाने तिची एकेरी जिंकली. आता यास्मा जिंकली की संपलं, मग दुहेरी खेळवायचीच नाही असं ठरलेलं. म्हणजे रिंदाला कोर्टवर उतरणारच नव्हती. हा तिचा शेवटचा मोसम होता. ते फक्त तिला आणि वर पहिल्या रांगेत बसलेल्या तिच्या आईला ठाऊक होतं. यास्माच्या प्रत्येक गुणावर सगळ्यांबरोबर रिंदाला टाळ्या वाजवत होती आणि मनातल्या मनात बोटं मोडत होती.

तिसऱ्या सेटचा टायब्रेक. यास्मा सहा, सायप्रसची मुलगी सात. त्या मुलीचा फटका मागच्या रेषेबाहेर पडला, चांगला दोन बोटं बाहेर. बाकावरूनसुद्धा दिसलं. यास्माला तर इतकी खात्री की तिने पंचाकडे पाहिलंही नाही. शिकवल्याप्रमाणे बुटाने खूण नीट पुसली आणि पुढच्या गुणासाठी निघाली. तेवढ्यात पंचाने चेंडू आत धरून सामना सायप्रसला दिला.

"पण बाहेर होता तो," यास्मा म्हणाली.

पंच खुर्चीवरून उतरून आला. "खूण दाखव."

दाखवायला सारवल्यासारखी माती होती फक्त. एक-एक बरोबरी झाली. आता सगळं दुहेरीवर. रिंदालाचा हात आपोआप रॅकेटकडे गेला.

मदाम नुहाद लालबुंद झाल्या होत्या. "खुणेला हात लावायचा नसतो, पाय लावायचा नसतो, हे तुला कुणी सांगितलं नाही?" त्यांनी यास्माला विचारलं, पण बघत होत्या रिंदालाकडे.

रिंदाला बुटाची नाडी आवळायला वाकली.

"सांगितलं होतं ना," यास्मा म्हणाली. "रिंदालाने तीनदा सांगितलं. मीच विसरले. माझी चूक."

मदामनी सुस्कारा सोडला. "बरं. पाणी प्या दोघी आणि उतरा."

रिंदाला सुटली होती. दुहेरी मिळत होती, वर आई बघत होती, कुणाला कधी काही कळणार नव्हतं. आणि तिचा नुसता जळफळाट झाला. जागा हिने घेतली, क्लबातली माणसं घेतली, आई घेतली. आता मोठं मनही हिचंच. तेही माझ्या जिवावर. शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं. हे तिला सोसवेना.

"खोटं बोलतेय ती," रिंदाला म्हणाली. "मी सांगितलंच नव्हतं. मुद्दाम नाही सांगितलं."

 मदाम नुहाद मान वळवून म्हणाल्या, "मिर्ना, तू उतर."

रिंदालाने रॅकेट पिशवीत घातली. वरून आई खुणेने विचारत होती, काय झालं. तिने पिशवीची चेन ओढून घेतली.

यास्मा जाता जाता तिच्याजवळ थांबली. "कशाला बोललीस? मी सांभाळून घेतलं होतं की."

"माझं पाप होतं ते," रिंदाला म्हणाली. "निदान ते तरी माझ्याकडे राहू दे."