हात लावून बघा

गादीत माझा भाऊ आहे.

गुंडाळलेल्या गादीत. वरून सुती दोरी, अब्बांची गाठ. गफूर पिंजाऱ्याची गाठ सुटत नाही, असं पाचोऱ्यात म्हणतात. आम्ही चिंधानानांच्या 'छोटा हत्ती' टेम्पोत मागे बसलोय. जळगावला, मोठ्या दवाखान्यात चाललोय. माझा उजवा हात कोपरापर्यंत गादीच्या तोंडात. बोटं शाहबाजच्या ओठांवर.

श्वास. गरम. आहे.

सकाळी त्यानं अम्मीचा हात पिरगळला. याआधीही पिरगळलाय. शाळेची खिडकी फोडली, शेजाऱ्यांची मोटरसायकल पाडली. माझ्या दंडावर अजून त्याचे दात आहेत. चौदा वर्षांचा. "मार कमी पडतो," लोक म्हणायचे. अब्बा तेही करून थकले.

पण आज त्यानं दाभण उचलली. गाद्या शिवायची. स्वतःच्या गळ्याला लावली.

"या ना पुढे. या!"

अब्बा पुढे गेले नाहीत. त्यांनी अंगावर गादी फेकली. मग त्यांचे हात रोजच्यासारखे चालले. दाभण बाजूला पडली, शाहबाज गुंडाळला गेला.

"डोकं बाहेर ठेवा," मी म्हणाले.

"चावेल."

म्हणून माझा हात आत.

शिरसोलीला ट्रॅक्टर आडवा. गाडी थांबली. चिंधानाना खिडकीतून ओरडले, "बाजूले ले ना भो, घाई शे!"

एक माणूस मागे आमच्याजवळ आला. "काय चाचा, तयार गादी का? कापूस कसा आहे?"

अब्बांचा चेहरा रिकामा. तोंड उघडलं आणि त्यातून दुकान बाहेर आलं.

"नवा आहे, भाऊ. हात लावून बघा."

त्यानं लावला. थापटली. गिऱ्हाईक थापटतं तशी, जोरात.

"बरी आहे," म्हणाला आणि गेला.

माझ्या बोटांवर

काही नाही.

"अब्बा, श्वास." त्यांना कळलं नाही. "अब्बा, श्वास लागत नाही!"

अब्बा गाठीवर पडले. नखं. गाठ सुटेना. मग दातांनी. अब्बा दोरी चावत होते, गुरगुरत होते, शाहबाज गुरगुरतो तसे. ट्रॅक्टरनं वाट दिली. चिंधानानांनी हॉर्नवरचा हात काढलाच नाही. मधूनच बोटांवर एखादा श्वास, मग परत काही नाही.

दवाखान्यात डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "पेशंट कुठे आहे?"

मी गादीकडे बघितलं.

मॅडमनी गादीच्या तोंडात डोकावलं. मग कात्री मागितली. दोरी नाही, खोळच उभी कापली. कापूस उडाला. मॅडमच्या केसांत, ट्रेवर, अब्बांच्या दाढीत.

आत शाहबाज. घामानं चिंब. ओठ जांभळे. डोळे मिटलेले.

ऑक्सिजनचा मास्क. छाती. छाती. मग ती हलली.

अब्बा त्याचे पाय धरायला धावले. "मॅडम, सुटला की मारेल, चावेल!"

"हात काढा. सगळ्यांनी मागे व्हा." त्या खाली वाकल्या, त्याच्या चेहऱ्याजवळ. "शाहबाज, तू दवाखान्यात आहेस. तुला कोणी बांधणार नाही. ऐकू येतंय?"

त्यानं डोळे उघडले. मास्क बाजूला केला. अब्बांकडे बघितलं.

"घेतली का त्यानं?"

"काय घेतली?" मॅडमनी विचारलं.

"गादी," मी म्हणाले.

मॅडमनी माझा हात धरला. "चावला का तुम्हाला?" मी बोटं उलटी केली, सुलटी केली. इतका वेळ ती त्याच्या दातांशी होती. त्यानं सगळं ऐकलं होतं. एकही खूण नव्हती.

"याला ठेवून घ्यायचंय," मॅडम म्हणाल्या. "मनाचे डॉक्टर येतायत. जवळ घरचं कोणीतरी लागेल. शाहबाज, कोणी थांबावं?"

त्यानं मास्क परत तोंडावर ओढला.

अब्बा खाटेपाशी गेले. त्यांचा हात सवयीनं खाटेवरच्या गादीकडे गेला, दाबून बघायला.

शाहबाज अंग चोरून भिंतीला सरकला. मारणारा शाहबाज. चावणारा.

अब्बांचा हात हवेत थांबला.

"थापटणार नाही," ते म्हणाले. आवाज दुकानातला नव्हता. "नुसता ठेवतो. ठेवू का?"

आमच्या घरात असं कोणी कोणाला विचारत नाही.

शाहबाज हाताकडे बघतोय. हात अजून वरच आहे. त्यावर कापूस बसतोय.